एसलिंगन ते इस्नी : चाकांवरच्या घराची ऊब

जर्मनीच्या नैऋत्य भागात, श्टुटगार्टपासून काही किलोमीटरांवर, नेकार नदीच्या काठी एसलिंगन हे शहर वसले आहे. मध्ययुगात ते थेट सम्राटाच्या छत्राखालचे स्वतंत्र नगर होते. लाकडी चौकटींत भिंती भरून बांधलेली त्या काळची घरे आजही तेथे नांदती आहेत. हाफेनमार्क्ट या चौकातील घरांची एक रांग तर 1328 ते 1331 या काळातील आहे. डिसेंबरमध्ये नाताळचा बाजार भरतो, तेव्हा त्याच्या शेजारी मध्ययुगीन बाजारही मांडला जातो. लोहार, दोरखंड वळणारे, मेणबत्त्या करणारे जुन्या वेशात आपला व्यवसाय करून दाखवतात आणि अरुंद गल्ल्यांतून पाय ठेवायला जागा उरत नाही.

प्रवासी हा बाजार पाहतात, द्राक्षमळ्यांतून किल्ल्याच्या पायऱ्या चढतात आणि परततात. व्यापारी घराण्यातील वाचकाने मात्र या शहराची आणखी एक ओळख करून घेण्यासारखी आहे. 1865 मध्ये याकोब एबरश्पेखर या कारागिराने येथे पत्राकामाची कार्यशाळा काढली. 1901 मध्ये विल्हेल्म बायर यांनी याच शहरात तार आणि लोखंडी सामानाचा कारखाना सुरू केला. बायर यांनी 1908 मध्ये आपला कारखाना म्युनिकजवळच्या श्टॉकडॉर्फ या गावी हलवला आणि मालकाचे नाव, आडनाव व गाव यांची अक्षरे जोडून पेढीला ‘वेबास्टो’ हे नाव मिळाले. या दोन्ही पेढ्या पुढे वाहनांतील हीटर बनवण्यात जगभर नावारूपाला आल्या. एकाच गावात, एका पिढीच्या अंतराने, पत्रा आणि तार यांसारख्या साध्या मालातून असे दोन व्यवसाय उभे राहिले. एबरश्पेखर यांच्या पेढीने हीटरबरोबर मोटारींचे सायलेन्सरही बनवले. ऊब देणे आणि आवाज दाबणे ही दोन्ही कामे एकाच घरात चालावीत, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कारण चाकांवरच्या घरात या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

एसलिंगनहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता गाइसलिंगनचा घाट चढून श्वेबिशे आल्ब या चुनखडीच्या पठारावर येतो, उल्म येथे डॅन्यूब नदी ओलांडतो आणि बाड वाल्डझे, रावेन्सबुर्ग या गावांवरून आलगॉय प्रदेशातील इस्नीपर्यंत पोहोचतो. दोनशे किलोमीटरांच्या आतबाहेरचा हा प्रवास आहे. मोटरहोम आणि कॅराव्हॅन यांच्या जर्मन उद्योगाचे माहेरघर याच पट्ट्यात आहे.

थंडीत घर घेऊन निघालेली माणसे

मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी-शहरे आहेत. पुण्याजवळच्या चाकणचा मोटार-उद्योग आणि श्टुटगार्ट यांचा संबंध तर सर्वांना ठाऊक आहे. या परिसरात अनेक मराठी अभियंते कुटुंबासह राहतात. नाताळाच्या सुट्टीत त्यांच्यापैकी एखाद्याने भाड्याचे किंवा स्वतःचे मोटरहोम काढावे, पुण्याहून वा कोल्हापूरहून आलेल्या आईवडिलांना सोबत घ्यावे आणि आलगॉयचा बर्फ दाखवायला निघावे, हे सहज घडण्यासारखे आहे. स्वतःचे स्वयंपाकघर बरोबर असल्याने शाकाहारी कुटुंबाला ही सोय विशेष वाटते. वरण-भात, पोळी, वेळेवर चहा, सारे आपल्या हाताचे.

परंतु आजीआजोबांना उणे पाच अंशांच्या रात्री झोपवायचे तर स्वयंपाकघर पुरत नाही. मोटरहोमच्या भिंती पातळ असतात, काचा मोठ्या असतात आणि इंजिन बंद केले की तासाभरात आतली ऊब निघून जाते. मोटरहोममध्ये गॅसच्या चुलीवर हात शेकण्याची सवय अनेकांना असते. ती घातक आहे. चूल बंद जागेतील प्राणवायू खाते, ओलावा वाढवते आणि ज्वाला नीट जळली नाही तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

मग विजेचा हीटर का लावू नये? व्यापाऱ्याला हिशोब पटतो, म्हणून आकडे पाहावेत. दोन हजार वॅटचा विजेचा हीटर 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा तर सुमारे 167 अँपिअर प्रवाह लागेल. शंभर अँपिअर-तासांची साधी शिशाची बॅटरी तिचे आयुष्य राखण्यासाठी निम्मीच वापरावी असा संकेत आहे. म्हणजे ती अठरा मिनिटांत रिकामी होईल. उलट एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट विजेइतकी ऊर्जा साठवलेली असते. दोन किलोवॅटचा डिझेल हीटर मंद चालताना तासाला सुमारे 0.1 लिटर आणि पूर्ण जोमाने चालताना सुमारे पाव लिटर डिझेल घेतो. बाहेर बर्फ असताना साऱ्या रात्रीचा खर्च साधारण दीड लिटर होतो. बॅटरीवरचा भार सुरू होताना दोनतीन मिनिटे आठ ते दहा अँपिअर आणि नंतर केवळ पंखा व पंपापुरता, म्हणजे एक-दीड अँपिअर असतो. दहा तासांत पंधरा अँपिअर-तास फार झाले. जमाखर्चाच्या दृष्टीने डिझेल हीटरशी स्पर्धा करणारे साधन क्वचितच सापडेल.

डब्यातील दोन हवा

या हीटरची रचना सुरेख आहे. चपलांच्या खोक्याहून थोड्या लांबट अशा पेटीत एक मोटर असते. तिच्या एका टोकाला घरातील हवा ढकलणारा पंखा असतो, तर दुसऱ्या टोकाला जळणासाठी बाहेरची हवा ओढणारा. मध्ये अॅल्युमिनियमची पंखेदार पन्हळी असलेली भट्टी असते. ग्लो प्लग तापतो, पंप थेंबाथेंबाने डिझेल सोडतो, ज्वाला पेटते. धूर नळीने गाडीच्या तळाखालून बाहेर जातो आणि घरातील हवा भट्टीच्या बाहेरील अंगावरून फिरून गरम होते. जळणाची हवा आणि श्वासाची हवा या दोन वेगळ्या वाटा आहेत. त्यांची भेट कोठेही होता कामा नये. हीटर बसवण्याची सारी विद्या या एका वाक्यात सामावली आहे.

म्हणूनच फिटर पहिले लक्ष तळाकडे देतो. पेटी बहुधा पुढील आसनाखाली किंवा मागच्या सामानाच्या कप्प्यात बसवतात. तळाला छिद्र पाडून धूर, जळणाची हवा आणि इंधन यांच्या नळ्या थेट बाहेर काढतात. पेटीच्या बुडाचे गॅस्केट सपाट पत्र्यावर घट्ट बसले पाहिजे. मोटरहोमचा तळ लाकूड आणि फोम यांच्या थरांचा असेल तर आधी धातूची बैठक करून घ्यावी लागते. तापलेली नळी लाकडाला टेकू देणे म्हणजे आगीला आमंत्रण. धुराची नळी पोलादी असते. तिचे सांधे क्लँपने आवळतात. तिचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवतात आणि सर्वांत खोलगट जागी पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्र ठेवतात. तिचे तोंड गाडीच्या कडेपर्यंत न्यावे. तळाच्या मध्यावर सोडले तर धूर तेथेच साचून खिडकी वा दाराच्या फटीतून आत येऊ शकतो. जळणाच्या हवेचे तोंड धुराच्या तोंडापासून दूर असावे, नाहीतर हीटर स्वतःचाच धूर ओढतो.

इंधन गाडीच्या मुख्य टाकीतून घेतात. टाकीत उतरवलेली नळी तळापासून काही अंतर वर संपवतात, म्हणजे हीटरने कितीही डिझेल घेतले तरी पंपापर्यंत गाडी नेण्याइतके शिल्लक उरते. पंपापासून हीटरपर्यंतची नळी आतून जेमतेम दीड-दोन मिलिमीटर व्यासाची आणि कडक असते. ती रुंद किंवा मऊ घेतली तर हवेचे बुडबुडे साचतात, रबर प्रत्येक ठोक्याला फुगते आणि थेंबांचे माप चुकते. विजेच्या तारा जाड घ्याव्यात आणि बॅटरीजवळ फ्यूज लावावा. तार बारीक असली की ग्लो प्लग तापण्याच्या वेळी व्होल्टेज पडते आणि कडाक्याच्या पहाटे हीटर पेटण्यास नकार देतो. गरम हवेच्या नळ्यांना वळणे कमी असावीत आणि निदान एक तोंड असे असावे की ते कोणालाही बंद करता येणार नाही. हवा कोंडली की भट्टी तापून यंत्र स्वतःहून बंद पडते.

युरोपात वाहनांच्या अशा हीटरसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाचे 122 क्रमांकाचे नियमन आहे. पेटीवर मान्यतेची खूण पाहून घ्यावी. आणि काम कितीही चोख झाले तरी झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र असलेच पाहिजे. फिरत्या घरांसाठी ‘ईएन 50291-2’ या मानकाची यंत्रे मिळतात. चार माणसांच्या जीवाचा तो सर्वांत स्वस्त विमा होय.

चार आवाज

बाड वाल्डझे हे दोन तळ्यांमधले उष्णोदकाचे गाव. हायमर या मोटरहोम बनवणाऱ्या प्रसिद्ध पेढीचे हे मूळ ठिकाण असून, येथे 2011 मध्ये उघडलेल्या संग्रहालयात जुन्या कॅराव्हॅन आणि मोटरहोम हारीने मांडून ठेवल्या आहेत. जर्मनीतील अनेक गावांप्रमाणे या भागातही मोटरहोमसाठी राखलेले तळ आहेत. त्यांना ‘श्टेलप्लाट्झ’ म्हणतात. वीज, पाणी, सांडपाण्याची सोय आणि शेजारी शेजारी उभी राहिलेली घरे. रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ समजली जाते आणि ती मनापासून पाळली जाते. श्वाबेन प्रदेशात इमारतीचा जिना व अंगण आठवड्याच्या पाळीने झाडण्याची प्रथा आहे. शेजाऱ्याची गैरसोय हा तेथे गंभीर विषय मानतात.

अशा तळावर दोन मोटरहोममध्ये चारपाच पावलांचे अंतर असते. डिझेल हीटर तेथे चार प्रकारचे आवाज करतो. पहिला पंपाचा, टक्-टक् असा, भिंतीवरच्या घड्याळासारखा. दुसरा धुराच्या नळीचा, घोंघावणारा. तिसरा जळणाची हवा ओढणाऱ्या तोंडाचा, बारीक शिट्टीसारखा. चौथा आतील गरम हवेच्या पंख्याचा. यांतील मर्म असे की, पहिला आणि चौथा आवाज आत झोपलेल्यांना ऐकू येतो, तर दुसरा आणि तिसरा शेजाऱ्याला. मालक आपल्या घरापुरता उपाय करून समाधानाने झोपतो आणि शेजाऱ्याची रात्र जाते. त्यामुळे नवा हीटर बसवल्यावर कोट घालून बाहेर यावे, गाडीभोवती एक फेरी मारावी आणि शेजाऱ्याच्या खिडकीजवळ क्षणभर उभे राहावे, असे जाणकार सांगतात.

आवाज ओळखण्याची रीतही सोपी आहे. बहुतेक हीटर ज्वालेविना नुसता पंखा फिरवू शकतात. तसा फिरवला असता जो आवाज उरतो तो पंख्याचा व नळ्यांचा. जो गेला तो जळणाचा. पंपाचे ठोके हाताने पंप उचलून धरला की एकदम मंदावतात, म्हणजे ते पत्र्यातून घरभर पसरत होते हे सिद्ध होते.

उपाय त्याच क्रमाने करावेत. पंप पत्र्याला स्क्रूने थेट आवळू नये. रबरी पट्ट्यात लटकवावा, टाकीच्या जवळ आणि झोपण्याच्या जागेपासून दूर. त्याचे बाहेर सोडणारे टोक वर करून, साधारण 15 ते 35 अंशांच्या तिरकेपणाने तो बसवावा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. नळीही चौकटीला थेट न बांधता मऊ वेष्टनातून बांधावी. धुराच्या नळीवर चांगल्या प्रतीचा पोलादी सायलेन्सर लावावा आणि तो गाडीच्या बाहेरच, तळाखाली असावा. कित्येक स्वस्त सायलेन्सरांचे सांधे वायुबंद नसतात. जळणाच्या हवेच्या नळीलाही लहान सायलेन्सर मिळतो. अनेकजण धुराकडे लक्ष देतात आणि हे तोंड विसरतात. शिट्टी मात्र तेथूनच येत राहते. आतल्या पंख्यासाठी रुंद नळी, मोठ्या त्रिज्येची वळणे, परतीच्या हवेसाठी मोकळी जाळी आणि कप्प्याच्या भिंतींना आवाज शोषणारे अस्तर पुरेसे होते. अस्तर न पेटणारे असावे. पेटीभोवती फोम वा गाद्या कोंबून आवाज दाबण्याचा मोह टाळावा; त्याने हवा कोंडते आणि यंत्र तापते.

सर्वांत प्रभावी उपायाला पैसे पडत नाहीत. हीटर पेटताना आणि पूर्ण जोमात असताना सर्वाधिक गोंगाट करतो. घर तापल्यावर तो मंद होतो. तेव्हा तो रात्री साडेआठलाच सुरू करावा, जेवणे होईपर्यंत भिंती, गाद्या आणि कपाटे ऊब पिऊन घेतील आणि दहाच्या ठोक्याला तो कुजबुजीवर आलेला असेल. थंडी वाजू लागल्यावर मध्यरात्री बटण दाबणारा माणूस स्वतःची आणि शेजाऱ्याची, दोघांचीही झोप मोडतो. येथे मापाचाही प्रश्न येतो. लहान गाडीत पाच किलोवॅटचा हीटर बसवला तर तो कायम मंद जळतो, भट्टीत काजळी धरते, धूर येतो आणि आवाज बिघडतो. गरजेइतकाच हीटर घ्यावा आणि अधूनमधून दिवसा वीस-तीस मिनिटे पूर्ण जोमाने चालवून काजळी जाळून टाकावी. उंच डोंगरावर हवा विरळ असल्याने काजळीचा धोका वाढतो. लेह साडेतीन हजार मीटरांवर आहे. हिमालयात असे हीटर नेणाऱ्यांनी उंचीनुसार इंधन कमी करण्याची सोय आधी पाहिली पाहिजे. आलगॉयमध्ये ती अडचण सहसा येत नाही, आणि जर्मनीत नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर पंपांवर उणे वीस अंशांपर्यंत न गोठता वाहणारे हिवाळी डिझेल मिळते. मात्र दक्षिणेकडील उबदार देशातून भरून आणलेली टाकी तशीच घेऊन बर्फात शिरू नये.

कापडाचे गाव, चाबकाचा कारखाना

बाड वाल्डझेच्या दक्षिणेला रावेन्सबुर्ग आहे. सुमारे 1380 ते 1530 या दीडशे वर्षांत येथील हुम्पिस आणि इतर घराण्यांनी भागीदारीत एक मोठी व्यापारी पेढी चालवली. आसपासच्या खेड्यांत विणलेले तागाचे कापड ती स्पेन आणि इटलीच्या बाजारांत नेऊन विकत असे. हुम्पिस घराण्याची घरे आता संग्रहालय म्हणून पाहता येतात. भागीदारीचे करार, परगावच्या पेढ्या, भाऊबंदांत वाटलेल्या जबाबदाऱ्या. आपल्याकडील पेढ्यांच्या परंपरेतील माणसाला हे सारे परिचयाचे वाटेल.

तेथून पूर्वेला सुमारे 700 मीटर उंचीवर इस्नी आहे. तेही कापडाच्या व्यापारावर वाढलेले स्वतंत्र नगर. तटबंदी, बुरूज आणि संत निकोलाउस चर्चमधील जुने ग्रंथालय यांमुळे ते आजही देखणे आहे. याच गावात 1832 मध्ये डेटलेफ्स घराण्याने चाबकांचा कारखाना काढला. शंभर वर्षांनी घोड्यांचे दिवस सरत आले होते. घराण्यातील आरिस्ट डेटलेफ्स माल विकण्यासाठी दीर्घकाळ फिरतीवर असत. त्यांची वाग्दत्त वधू फ्रीडेल एडेलमान चित्रकार होती. तिलाही बरोबर राहायचे होते आणि चित्रे काढण्यासाठी जागा हवी होती. 1931 मध्ये आरिस्ट यांनी मोटारीमागे ओढायचे एक छोटे घर बांधले. त्याला त्यांनी ‘वोनआउटो’, म्हणजे राहण्याची मोटार, असे नाव दिले. ते जर्मनीतील पहिले कॅराव्हॅन मानले जाते. पाहणाऱ्यांनी तशीच मागितली आणि चाबकांचा कारखाना हळूहळू घरे बनवू लागला. ती पेढी पुढे हायमर समूहात गेली आणि 2019 मध्ये तो समूह थॉर या अमेरिकन कंपनीने विकत घेतला.

ज्या घराण्याचा माल घोड्यावर अवलंबून होता, त्याने घोडा गेल्याची तक्रार करण्यात काळ दवडला नाही. आणि नव्या धंद्याचे बीज बाजाराच्या पाहणीत नव्हते. घरच्या माणसाला प्रवासात सोबत घेता यावे, या इच्छेत होते. आज आजीआजोबांना बर्फ दाखवायला निघालेले कुटुंबही त्याच इच्छेने निघते. त्यांची ऊब, त्यांचा श्वास आणि शेजाऱ्याची झोप सांभाळण्याची जबाबदारी त्या लहानशा पेटीवर आणि ती बसवणाऱ्याच्या हातावर येते.

इस्नीच्या तळावर हिवाळ्यात उजाडायला आठ वाजतात. रात्री बर्फ पडले असेल तर चहा ठेवण्यापूर्वी फावडे घेऊन धुराच्या नळीचे तोंड मोकळे आहे ना, हे पाहून घ्यावे. निघताना हीटर त्याच्या बटणानेच बंद करावा, बॅटरीचा मुख्य स्विच तोडून नव्हे. बटण दाबल्यावरही पंखा काही मिनिटे फिरत राहतो, भट्टी थंड करतो, उरलेला धूर बाहेर लोटतो आणि मगच थांबतो. तेवढ्या वेळात पांघरुणाच्या घड्या होतात. वाटेत डिझेल भरायला थांबायचे असल्यास पंपावर वळण्याआधी हीटर बंद झालेला आहे, याची पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी.